हाताचा अंगठा आणि चिमटीची ताकद: घरी सराव कोण कोण करतं?

कातळवाट
७ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं, आता पाऊस आला, डोंगर बंद, म्हणून बसलोय लिहायला.

गेली सहा वर्षं क्लाइंबिंग करतोय, शनिवार-रविवार सह्याद्रीत आणि मधल्या दिवसांत वॉलवर, म्हणजे चढायच्या कृत्रिम भिंतीवर. पुल-अप सलग १५ निघतात, बारला दीड मिनिट लटकतो, त्यामुळे आपली पकड चांगली आहे असंच मी धरून चाललो होतो. पण वॉलवर पिंच होल्ड आला की हात सुटायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या होल्डला बोटं अडकवायला कड नसते, एका बाजूने अंगठा आणि दुसऱ्या बाजूने बाकीची बोटं असं दाबूनच तो धरावा लागतो, आपण चिमटीत काही धरतो ना तसाच. आपल्या बेसॉल्टच्या कड्यांवर जास्त करून खाचा, भेगा आणि कडाच मिळतात म्हणून इतकी वर्षं माझं भागलं, पण जानेवारीत हंपीला गेलो आणि तिथल्या ग्रॅनाइटच्या गोल धोंड्यांनी पहिल्याच दिवशी दाखवून दिलं की माझा अंगठा कच्चा आहे.

परत आल्यावर जिममध्ये एक चाचणी करून बघितली. १० किलोच्या दोन लोखंडी प्लेट एकमेकींना लावायच्या, गुळगुळीत बाजू बाहेर, आणि एका हाताच्या चिमटीत धरून उचलायच्या. माझ्याकडून जमिनीवरून हलल्यासुद्धा नाहीत. शेजारी एक मुलगा होता, सुतारकाम करतो, वजन असेल ५८-६० किलो, त्याने उचलून आरामात पाच सेकंद धरल्या.

मग विचार केल्यावर कळलं की बारला लटकताना चार बोटांचा हूक होतो आणि अंगठा नुसता सोबतीला असतो. ते स्प्रिंगचे हँड ग्रिपर मिळतात त्यातही एक दांडी अंगठ्याच्या मुळाशी टेकलेली असते आणि मिटतात ती चार बोटंच. म्हणजे वर्षानुवर्षं पकडीचा व्यायाम करूनही अंगठा तसाच राहू शकतो, आणि चिमटीत तर एकटा अंगठा चार बोटांच्या विरुद्ध उभा असतो, तो हरला की पकड गेली.

माझं घरचं सामान सांगतो. सुताराकडून सागवानाचा उरलेला तुकडा आणला, ६ इंच लांब, ३ इंच उंच, सव्वादोन इंच जाड. कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने गोल करून घेतल्या पण पॉलिश मारलं नाही, कोरडं लाकूड हाताला चांगलं धरतं. खालून मधोमध एक जाड स्क्रू-हूक बसवला आणि त्याला बादली. बादलीत बाटलीने मोजून पाणी, १ लिटर म्हणजे १ किलो, हिशेब सरळ. बाथरूममध्येच करतो, बादली जमिनीपासून फक्त दोन-तीन इंच उचलायची म्हणजे सुटली तरी पाणी सांडण्यापलीकडे काही होत नाही. मार्चच्या शेवटी उजव्या हाताने १० लिटर, १० सेकंद असे पाच सेट यायचे, डाव्याने ९. आता दहा आठवड्यांनी उजवा १४ आणि डावा १३ वर आलाय. आठवड्यातून दोनदाच करतो, जास्त नाही.

तुम्ही कोण काय करता ते लिहा, आणि माझं काही चुकत असेल तर तेही सांगा.

लालमाती
७ जून, रात्री ११:०५

धागा लय आवडला. आमच्याकडं कोल्हापूरला तालमीत अंगठ्याचा असा वेगळा व्यायाम कोण सांगत नव्हतं, पण तो होत होता. मुद्गल फिरवताना मूठ जाड असती, बोटं पूर्ण वळून एकमेकांना भेटतच नाहीत, मग ती धरून ठेवायचं सगळं काम अंगठ्यावर येतं. आखाडा खणायचा, माती उकरायची, दोर चढायचा, ह्यात पण अंगठा राबतो. दगडी नाल, म्हणजे उचलायचा जड दगड, त्याला मात्र मूठ आहे, तिथं बोटांचा आकडा चालतो.

एक गोष्ट सांगतो, कुस्तीत समोरच्याच्या कमरेला कडी घालताना वस्ताद अंगठा आत बोटांना चिकटून ठेवायला शिकवतात, बाहेर राहिला तर मुरगळतो. म्हणजे कुस्तीत अंगठा लपवायचा, आणि ताकद मात्र मुद्गलातनं कमवायची. घरी ज्याला मुद्गल नाही त्यानं जाड बांबूचा तुकडा घ्या, डंबेलच्या दांडीवर जुना टॉवेल घट्ट गुंडाळला तरी तोच परिणाम येतो.

मंजिरी_क
८ जून, सकाळी ७:४८

मी क्लाइंबिंग वगैरे काही करत नाही, वय ५३, शाळेत शिकवते. पण विषय वाचून थांबले कारण माझा उजवा अंगठा दोन वर्षांपासून कुरकुरतोय. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही, चकलीचा सोऱ्या फिरवता येत नाही, गरम पातेलं सांडशीने उतरवताना सांडशी हातातच सैल पडते आणि भीती वाटते. गेल्या गणपतीत २१ मोदकांच्या कळ्या काढल्या आणि नंतर दोन दिवस अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला होता. मी ही बादली उचलावी का? कमी पाण्याने सुरुवात केली तर चालेल का?

कातळवाट
८ जून, सकाळी ८:३०

मंजिरीताई, माझ्या मते २ लिटरपासून सुरू करा आणि दर आठवड्याला अर्धा लिटर वाढवा. पण दुखणं आधीपासून आहे म्हणताय तर इथं कोणी फिजिओ असतील त्यांनी सांगावं, मी अंदाजाने बोलतोय.

सांधेसोबती
८ जून, दुपारी १:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हातांच्या दुखण्याचे पेशंट रोज बघते. मंजिरीताई, तुम्ही बादली अजिबात उचलू नका, निदान आत्ता नाही. कारण जरा सविस्तर सांगते, सगळ्यांनाच उपयोग होईल.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून जो सांधा आहे तो खोगिरासारखा असतो, म्हणजे दोन खोगीर एकमेकांवर आडवे ठेवलेत असा. त्यामुळे अंगठा चारही दिशांना फिरतो आणि बाकी बोटांसमोर येऊन उभा राहतो, पण या मोकळेपणाची किंमत म्हणजे तो सांधा हाडांच्या आधाराने फारसा घट्ट नसतो, लिगामेंट (हाडाला हाड जोडणारे पट्टे) आणि स्नायूच त्याला धरून ठेवतात. आणि चिमटीत टोकाला जेवढा जोर आपण लावतो त्याच्या कितीतरी पट दाब या मुळाच्या सांध्यावर येतो, साधारण बारा पट धरतात. टोकाला १ किलो म्हणजे मुळाशी १२ किलो. पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, या सांध्याची झीज खूप दिसते, आणि बरणी न उघडणं, किल्ली फिरवताना कळ येणं ही तिची नेहमीची लक्षणं. तुम्हाला तेच आहे असं मी न बघता म्हणणार नाही, पण हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, साधा एक्स-रे लागेल.

तोपर्यंत करण्यासारखं असं. अंगठा आणि तर्जनी मिळून इंग्रजी सी चा आकार करा, हातात एखादा ग्लास धरलाय असा गोल. तो गोल न मोडता दुसऱ्या हाताच्या बोटाने तर्जनीच्या अंगठ्याकडच्या बाजूवर हळू दाब द्या आणि तर्जनीने तो परत ढकला, पाच सेकंद, आठ-दहा वेळा. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात जो स्नायू फुगतो तो या सांध्याला जागेवर ठेवायला मदत करतो. जोर दुखणार नाही इतकाच. आणि बरणीला रबरी मॅट किंवा जुना रबरी हातमोजा वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

बाकी तरुण मंडळींसाठी, चिमटीचे प्रकार तीन. किल्ली धरतो तशी, अंगठा तर्जनीच्या बाजूवर. दुसरी पेन धरतो तशी, अंगठा आणि दोन बोटं. तिसरी सुई उचलतो तशी, टोकाला टोक. क्लिनिकमध्ये छोट्या गेजवर मोजतो तेव्हा किल्लीच्या चिमटीत निरोगी पुरुषांचा जोर साधारण ११ किलोच्या आसपास भरतो आणि बायकांचा सात-आठ किलो, सुईच्या चिमटीत दोघांचाही बराच कमी. कातळवाट, तुमच्या लाकडाशी हे आकडे जुळवू नका, तिथं चार बोटं एका बाजूला आहेत आणि घर्षणाचाही भाग आहे.

एडिसनकर
८ जून, संध्या. ६:५५

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्याकडे अपार्टमेंटमध्ये बादली हा प्रकारच नाही, मी दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन वापरतो, पाणी भरलं की एक कॅन ३.८ किलोच्या आसपास होतो. दोरीने दोन-तीन एकत्र बांधून लाकडाच्या ब्लॉकला लटकवतो, अर्धवट भरले की मधली वजनंही मिळतात.

इकडे पकडीच्या ताकदीचा छंद असणाऱ्या लोकांत ‘ब्लॉब’ म्हणून एक वस्तू प्रसिद्ध आहे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क कंपनीचं १०० पौंडांचं जुनं अखंड ओतीव डंबेल, त्याचा अर्धा तोडलेला गोळा. वजन ५० पौंडांच्या आत-बाहेर, म्हणजे बावीस-तेवीस किलो, पण त्याला दांडी नाही, कड नाही, अंगावर उतार आहे आणि रुंदी इतकी की अंगठा पूर्ण ताणलेला राहतो. रिचर्ड सोरिन या माणसाने तो एका हाताच्या चिमटीत उचलला आणि मग ती कसोटीच होऊन बसली. हाच माणूस कॅप्टन्स ऑफ क्रश या स्प्रिंगच्या ग्रिपरमधला तीन नंबरचा, फार कडक ग्रिपर अधिकृतपणे मिटणारा पहिला. पण मी जे बघितलंय त्यावरून सांगतो, ग्रिपर मिटणारे पुष्कळ जण चिमटीला उभे राहिले की मागे पडतात, तेव्हा कातळवाट यांचं निरीक्षण बरोबर आहे.

मला वाटतं लाकडाच्या जाडीवर बोलायला हवं. मी दीड इंच, अडीच इंच आणि साडेतीन इंच असे तीन ठेवलेत. अरुंद लाकडात बोटं वळतात आणि मदत करतात, रुंद झालं की अंगठा उघडा पडतो.

बोरिवली_स्लो
११ जून, रात्री ९:३०

मी शुक्रवारपासून दोन विटांवर सुरू केलं, एकमेकींना चिकटवून रुंदीकडून धरायच्या. एक वीट साधारण ३ किलो भरली. पण मुंबईत सध्या इतका दमट उकाडा आहे की हात ओलाच राहतो, म्हणून कॅरमची पावडर लावली, तर विटा हातातून सटकल्या आणि एक पायाच्या अगदी बाजूला पडली. टाल्कम लावून बघितली, तेही तसंच. क्लाइंबिंगवाले कुठली पावडर लावतात?

कातळवाट
११ जून, रात्री १०:०२

अरे बाबा, कॅरमची पावडर सोंगटी सरकावी म्हणूनच असते, ती हाताला लावून वजन कधीच उचलू नका. टाल्कमचंही तेच. आम्ही मॅग्नेशियम कार्बोनेटचा चॉक वापरतो, स्पोर्ट्सच्या दुकानात जिम चॉक म्हणून वडी किंवा पावडर मिळते. नसेल तर हात साबणाने धुऊन, पूर्ण पुसून, पंख्याखाली पाच मिनिटं बसा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो. आणि वीट जमिनीपासून वीतभरच उचला, पाय मागे.

दमटपणाचं तू म्हणतोयस ते मी वहीत नोंदवून ठेवलंय. मे महिन्यात कोरड्या दुपारी जे १३ लिटर यायचे तेच वळवाचा पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी १२ ला सुटायचे. ताकद एका दिवसात कमी होत नाही, कातडी घसरते. म्हणून मी वजनाच्या बाजूला हवा कशी होती तेही लिहितो, नाहीतर माणूस उगाच नाउमेद होतो.

दोरावरची
१३ जून, दुपारी ४:१५

मी दोरीचा मल्लखांब शिकवते, आमच्याकडे मुली जास्त. हा खेळ पूर्वी वेतावर व्हायचा, चांगला वेत मिळेनासा झाला तसा कापसाचा दोर आला. इथं पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्यात दोर धरून मुली वर चढतात, म्हणजे चिमटी पायाची! नवीन मुलीला पहिले काही आठवडे बेचक्यात सोलपटतं, मग कातडी तयार होते आणि त्याहीपेक्षा हळू तिथली ताकद तयार होते. घाई केलेल्या मुली हमखास महिनाभर बसतात.

पुरलेल्या खांबाचं वेगळं आहे, त्याला एरंडेल चोळतात, अंग घासू नये म्हणून, तिथं नुसत्या तळहातावर कोणी टिकत नाही, काख, मांडी, पोटरी सगळ्याची पकड लागते.

हाताच्या अंगठ्यासाठी आम्ही एक साधा प्रकार घेतो. जुनं वर्तमानपत्र पूर्ण उघडून टेबलावर पसरायचं, एका कोपऱ्यापासून एकाच हाताने चुरगळत आणत त्याचा घट्ट बोळा करायचा, दुसरा हात लावायचा नाही, हात उचलायचा नाही. तीन पानं झाली की अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा, ज्याला हात बघणारे शुक्राचा उंचवटा म्हणतात, तो भरून येतो. लहान मुलांनाही चालतं.

तेराचापाना
२ जुलै, रात्री ११:४०

मी इथे वाचूनच सुरू केलं. माझं टू-व्हीलर गॅरेज आहे, हात आधीच तयार होते म्हणून मी १२ लिटरवरनं सुरुवात केली आणि रोज केलं, दर दोन-तीन दिवसांनी १ लिटर वाढवलं, तिसऱ्या आठवड्यात १७ वर गेलो, लय भारी वाटत होतं. आता चार दिवस झाले, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखतंय, पक्कड दाबली की कळ येते, चहाचा कप उचलताना पण येते. जरा सुजल्यासारखं पण आहे. मालीश करू का तेलाने? काम बंद ठेवणं मला परवडणारं नाही म्हणून विचारतोय.

सांधेसोबती
३ जुलै, सकाळी ९:१०

मालीश नको, रगडू तर मुळीच नका. तुम्ही वर्णन करताय त्यावरून अंगठा वर उचलणाऱ्या आणि बाहेर नेणाऱ्या शिरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे टेंडन, मनगटाशी ज्या अरुंद बोगद्यातून जातात तिथं आवरणाला सूज आल्याची शक्यता जास्त वाटते, डी क्वेर्वेन म्हणतात त्याला. लहान बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना हे फार होतं. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायची एक चाचणी असते, ती घरी जोर लावून करू नका, डॉक्टर हलक्या हाताने करतील.

या आठवड्यातच दाखवा. ते बहुधा अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा देतील, काही आठवडे तो घालून थोडं थोडं काम करता येतं का ते त्यांनाच विचारा. वजनाचा सराव पूर्ण बंद.

बाकीच्यांनी इथं लक्ष द्या. स्नायू काही आठवड्यांत जोर दाखवायला लागतात, टेंडनला रक्तपुरवठा कमी, ते फार सावकाश मजबूत होतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भारी वाटतं तोच काळ धोक्याचा. आणि ज्यांचं रोजचं कामच पक्कड-पाना, शिवण, टायपिंग असं आहे त्यांच्या अंगठ्याचा अर्धा व्यायाम कामावरच झालेला असतो, तो धरून बाकीचं ठरवायचं.

कातळवाट
३ जुलै, सकाळी १०:२५

तेराचापाना, मला मनापासून वाईट वाटलं. पहिल्या पोस्टमध्ये मी आठवड्यातून दोनदा एवढंच लिहिलं, का ते लिहिलं नाही, आणि वाढवायचं किती तेही नाही. चूक माझी आहे म्हणून आता नीट लिहितो.

वजन असं निवडा की १५ सेकंद धरता येईल, आणि धरा १० च. पाच सेट, मध्ये दोन मिनिटं. सरावाच्या दोन दिवसांमध्ये किमान ७२ तास. पाचही सेट सलग दोन आठवडे पूर्ण झाले तरच अर्धा लिटर वाढवायचा. दर चौथ्या आठवड्यात वजन निम्मं. धरताना अंगठा सरळ आणि लाकडाला सपाट, टोकाचं पेर उलटं मागे वाकत असेल तर वजन जास्त आहे, उतरवा. आणि शेवटी पाचही बोटांभोवती रबर बँड घालून हात उघडायचा, २० वेळा, दोनदा. दाबणारे स्नायू आपण दिवसभर वापरतो, उघडणाऱ्यांकडे कोणी बघत नाही. हा रबर बँडचा भाग मी पहिले दोन महिने टाळला होता आणि कोपराखाली ताठरलेपण यायचं, सुरू केल्यावर ते गेलं.

एडिसनकर
३ जुलै, रात्री ८:१०

+१. माझी एक भर. ज्या दिवशी वजन नको वाटतं त्या दिवशी मी कागदपत्रांच्या मोठ्या काळ्या क्लिपा अंगठा आणि एकेका बोटाने उघड-मीट करतो. करंगळीने उघडून बघा एकदा, कळेल.

सांधेसोबती
३ जुलै, रात्री ९:००

क्लिपा चांगल्या, पण एका वेळी १० च्या वर नको. कपडे वाळत घालायचे चिमटे त्याहून हलके, सुरुवात त्यांनी करा. आणि एक सोपी तपासणी सगळ्यांनी करून बघा, अंगठा आणि तर्जनीची बाजू यांच्यात कागद धरा, दुसऱ्याला ओढायला सांगा. तो धरताना अंगठ्याचं टोकाचं पेर एकदम दुमडत असेल, शिवाय करंगळीकडे मुंग्या येत असतील, तर तो व्यायामाचा विषय नाही, नसेचा आहे, न्यूरोच्या डॉक्टरांकडे जा.

तेराचापाना
१८ ऑगस्ट, रात्री १०:३०

डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो, तेच निघालं. साडेतीन आठवडे पट्टा घातला, जड नट पोराकडून खोलवून घेतले. आता कळ नाही. गेल्या आठवड्यापासून फिजिओने सांगितल्याप्रमाणे नुसता रबर बँड आणि वर्तमानपत्र. बादली दिवाळीनंतर बघू. ताई, वेळेवर सांगितलंत, आभारी आहे.

मंजिरी_क
९ सप्टेंबर, दुपारी ३:०५

एक्स-रे काढला होता, सांध्याची सुरुवातीची झीज आहे म्हणाले. तीन महिने तो गोलाचा व्यायाम रोज सकाळी चहा उकळेपर्यंत करतेय. बरणीचं झाकण अजून रबरी मोज्यानेच उघडते. पण परवा चतुर्थीला ३१ मोदक केले, एका बैठकीत नाही, दहा झाले की हात सोडून पाणी पिऊन परत, आणि उकड सुनेकडून मळून घेतली. रात्री थोडं जड वाटलं, सकाळी ठणका नव्हता. कळ्याही बारीक आल्या.

कातळवाट
९ सप्टेंबर, रात्री ९:४५

ताई, ३१! फार बरं वाटलं वाचून.

माझी नोंद टाकतो. बादलीत उजवा १७ लिटर, डावा साडेपंधरा. काल जिममध्ये त्याच १० किलोच्या दोन प्लेट उजव्या हाताने उचलल्या, चार सेकंद राहिल्या. डाव्याने जमिनीवरून सुटल्या आणि लगेच खाली. तो सुतार मुलगा तिथेच होता, त्याने अंगठा किंचित खाली, प्लेटच्या मध्याकडे घ्यायला सांगितला, पुढच्या वेळी तसं करून बघतो आणि इथं लिहितो.